नेटचं चिन्हच गायब? आधी हे करून बघा

मैत्रिणींनो, अंधेरी असो की मुलुंड, गटाचा हिशेब आणि कर्जाचे अर्ज आता बऱ्याच जणी घरच्या कॉम्प्युटरवर करतात. ऐन वेळी त्यावरचं नेट गायब झालं, तर लगेच नवीन रिचार्ज मारू नका. घरातल्या मोबाईलवर तेच वायफाय चालतंय ना? मग दोष बहुधा कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डात आहे.

आधी कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानेच कार्ड परत दिसतं.

नाही दिसलं, तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ बघा.

• कार्डाच्या नावावर खाली जाणारा बाण : कार्ड बंद आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा.
• पिवळा त्रिकोण : बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेलं असतं.
• नावच नाही : कार्ड सैल किंवा खराब झालेलं असू शकतं. दुरुस्तीवाल्याला नेमकं हेच सांगा.

अर्ज आजच भरायचाय? मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वायर डेटा जाणारी हवी. मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. त्यावरच ड्रायव्हरही उतरवता येतो.

आणि ताई, एक लक्षात ठेवा. कार्ड बिघडलं म्हणून हिशेब पुसला जात नाही. ‘फॉरमॅट मारू’ असं कुणी म्हटलं, तर आधी गटाचा हिशेब पेनड्राइव्हवर घ्या, मगच हो म्हणा.