तडा न दाखवता तुटलेला पूल

11 सप्टेंबर 2024 च्या पहाटे जर्मनीत ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा ट्राम जाणारा भाग एल्ब नदीत कोसळला. शेवटची ट्राम थोड्याच वेळापूर्वी गेली होती, त्यामुळे जीवितहानी टळली. या भागाची दुरुस्ती 2025 साली होणार होती. एवढा मोठा पूल आधी काहीच कसे सांगत नाही?

याचे उत्तर अशा पुलाच्या प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आधीच ताण देऊन दाबलेल्या, गर्डरमध्ये आहे. त्याचे काम बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी धावेसारखे असते. तापवलेली धाव थंड होताना आवळते आणि लाकडाचे सांधे घट्ट बसतात. गर्डरमध्ये ताणलेल्या पोलादी केबल काँक्रीटला असेच दाबून धरतात. ही युक्ती आधीही अनेकांनी करून पाहिली होती, पण काही काळाने ताण नाहीसा व्हायचा. त्याचे कारण उमगले ते फ्रान्सच्या यूजेन फ्रेसिने यांना. 1911 च्या सुमारास ल व्हर्द्र येथे त्यांनी बांधलेल्या पुलाच्या कमानी हळूहळू खचू लागल्या. त्यांनी जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या आणि पूल वाचवला. भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे आखडत राहते, हे त्यांनी त्यातून ओळखले. साध्या सळईचा जेमतेम ताण त्यात संपून जातो. म्हणून त्यांनी अतिशय कणखर पोलाद प्रचंड ताणून वापरले. 1928 साली त्यांनी पेटंट घेतले. आपल्याकडे पुलांच्या उद्घाटनात या माणसाचे नाव कधी ऐकू येत नाही, याचे मला वाईट वाटते.

मात्र धोकाही त्या ताणातच आहे. साधी सळई गंजली की फुगते, काँक्रीट फोडते, तांबूस डाग दिसतो. केबलमधल्या ताणलेल्या तारेला तुटायला मात्र बारीकशी खाच पुरते. कॅरोलाच्या तारांत तर बांधकामाच्या काळातच ओलाव्यामुळे हायड्रोजन शिरून सूक्ष्म भेगा पडल्या होत्या. पुढे वाहतुकीच्या हेलकाव्यांनी त्या वाढत गेल्या. बाहेरून काँक्रीट शाबूतच दिसत होते.

गोव्यात 5 जुलै 1986 रोजी मांडवी नदीवरचा जेमतेम दीड दशक वापरलेला पूल पडला, तेव्हाही बोट केबलांच्या गंजाकडेच गेले. खाऱ्या हवेत डक्टमधले, म्हणजे केबल ज्यातून जाते त्या नळीतले, ग्राउट (सिमेंटचे भरण) जिथे अपुरे भरले जाते, तिथे गंजाला वाट मिळते.

तार तुटतानाचा आवाज टिपणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. कॅरोलाच्या उरलेल्या भागांवर ती बसवली गेली आणि तिथेही तारा तुटत असल्याचे त्यांनी पकडले. तुमच्या गावच्या खाडीपुलावर डागडुजी, रंगरंगोटी झाल्याची बातमी आली, तर एवढे जरूर विचारा: डक्ट उघडून केबल कोणी पाहिली का?