लग्न पाहावे नोंदवून

“कचेरीत जायचं, दोन सह्या ठोकायच्या आणि बाहेर येऊन कॉफी प्यायची. त्यात तयारी ती कसली?” भाचीचे लग्न नोंदणी पद्धतीने करायचे ठरले तेव्हा आमच्या मेव्हण्यांनी असे उद्गार काढले आणि त्याच भरात पंधरा दिवसांनंतरच्या रविवारचा हॉल ठरवून अनामत रक्कमही भरली. ती अर्थातच बुडाली.

मेव्हण्यांचा घोटाळा पुष्कळांचा होतो. वैदिक पद्धतीने लग्न लावून मग त्याची नोंद करायची, ही एक गोष्ट. महाराष्ट्रात ती 1998 च्या कायद्याखाली होते, तिला महिन्याची नोटीस लागत नाही. शेजारच्यांच्या मुलाचे तसेच झाले होते. पण अधिकाऱ्यासमोरच लग्न लावायचे, ही गोष्ट निराळी. तिला 1 जानेवारी 1955 पासून अमलात आलेला विशेष विवाह कायदा लागतो, आणि या कायद्याचा मुहूर्त दाते पंचांगात सापडत नाही!

तो असा काढावा लागतो. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची तेथे वधूवरांपैकी एकाचे तरी लगतचे तीस दिवस वास्तव्य हवे. आमची भाची नोकरीसाठी बंगलोरला, मुलगा हैदराबादचा. म्हणजे पुण्यात दोघेही परकेच. शेवटी घरून काम करण्याची परवानगी काढून भाची महिनाभर पुण्यास येऊन राहिली, तेव्हा कुठे नोटीस देता आली. नोटिशीनंतर पुन्हा तीस दिवस थांबायचे. मात्र फार रेंगाळूनही चालत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होते आणि सारे पहिल्यापासून!

मुलगा ख्रिस्ती आहे, हे सांगायचे राहिलेच. आमच्या आईने, म्हणजे मुलीच्या आजीने, हे कळल्यापासून मौन धरले होते. एके रात्री अचानक तिने विचारले, “हिला धर्म सोडावा लागणार का रे?”

प्रश्न अगदीच अज्ञानाचा नव्हता. 1872 च्या जुन्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना ‘आम्ही हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही’ असे लिहून द्यावे लागे. 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत लग्न करताना त्यातून सूट मिळाली. पण हिंदू मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचे तर ती अट राहिलीच. ती गेली 1954 च्या कायद्याने. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग ठीक,” आणि पुन्हा गप्प झाली. पुलं आणि सुनीताबाईंनी 12 जून 1946 रोजी रत्नागिरीत, तर डॉ. आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच लग्न केले होते, हेही मी ऐकवले. तिच्यावर त्याचा परिणाम दिसला नाही.

खरी परीक्षा नोटिशीची. नावे, वये, पत्ते असा सारा मजकूर कचेरीत फळ्यावर लागतो. मुलाचे कायमचे घर हैदराबादला, म्हणून एक प्रत तिकडेही गेली. आठवड्याच्या आतच एका दूरच्या नातलगाचा फोन आला, “आम्ही हरकत घेणार!” ताईचे हातपाय गळाले. वास्तविक हरकतीला कारणे मोजकीच चालतात : आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याइतकी मनःस्थिती ठीक नसणे, मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षे पूर्ण नसणे, किंवा निषिद्ध नाते. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ही जाहीर नोटीस वधूवरांच्या इच्छेवर सोडली, ती उगीच नव्हे. पण पुण्यात आमचे तीस दिवस फोनची घंटा ऐकतच गेले. हरकत आली नाही.

वारसाहक्काचे मात्र आधी वकिलाला विचारून घ्यावे. दोघेही हिंदू असतील तर 1976 च्या दुरुस्तीमुळे हिंदू वारसा कायदाच लागतो. आमच्यासारख्या प्रकरणात भारतीय वारसा कायदा लागतो, आणि मुलगी एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त होते. हे ऐकून मेव्हणे थोडे गंभीर झाले.

जादा फी भरली तर अधिकारी जवळपासच्या हॉलवरही येतात. पण हॉलचे नाव काढायची सोय मेव्हण्यांनी ठेवली नव्हती. साक्षीदार लागतात तीन. दोन नव्हे, तीन. मुलाचे वडील आणि मी, असे दोघे ठरलो. तिसरा ठरवलेला मित्र आदल्या दिवशी तापाने पडला. रात्री जेवताना याचीच चर्चा चालली होती.

“माझं आधार कार्ड चालेल का?” आईने विचारले.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले लुगडे नेसून सर्वांच्या आधी रिक्षात बसली. कचेरीत मुलाने आणि मुलीने एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारले. मुलाने ते मराठीतून म्हटले, आठवडाभर पाठ करून. सह्या झाल्या. माझी झाली. अधिकारी कागद पुढे सरकवीत म्हणाले, “आजी, इथं सही करा.”

आईने चष्मा मागितला आणि सही करण्यापूर्वी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.