लाल डागावरचा लेझर: साठ वर्षांचा मागोवा

1960 साली थिओडोर मैमन यांनी पहिला लेझर किरण काढला आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. पोर्ट-वाइन डागावर तेव्हा धड उपाय नव्हता. हजारातल्या साधारण तीन बाळांना जन्मतःच असणारा हा डाग म्हणजे कातडीतल्या रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं. तो आपोआप जात नाही. वयाबरोबर गडद होतो, पुढं अनेकदा जाड आणि गाठाळही.

1970च्या दशकात आर्गॉन लेझर आला. त्याचा निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जाई आणि डाग फिका पडे. पण उष्णता आजूबाजूच्या कातडीतही पसरे. डाग जाऊन व्रण राही, विशेषतः लहान मुलांत.

कोंडी फुटली 1983मध्ये.

हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये नवं तत्त्व मांडलं: प्रकाश रक्तात शोषला जाईल असा निवडायचा आणि झोत इतका आखूड ठेवायचा, की उष्णता वाहिनीबाहेर पसरायच्या आत तो संपलेला असेल. त्यातूनच पल्स्ड डाय लेझर घडला. त्याचा झोत सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिके. 1989मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मुलांवरचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ताणलेला रबरबँड सुटून बसावा तसा प्रत्येक झोत लागतो. जागा लगेच जांभळी पडते, आठवडा-दोन आठवड्यांत निवळते. 1990च्या दशकात झोताच्या क्षणभर आधी त्वचेवर थंड फवारा मारण्याची सोय झाली. वरचा थर वाचू लागला. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही हा प्रकाश शोषतं, म्हणून आपल्याकडच्या रुग्णांना हा फवारा फार मोलाचा.

तरी डाग समूळ जाईलच असं नाही. नेदरलँड्समधल्या रुग्णांना दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा डाग उपचारांपूर्वीपेक्षा फिकेच होते, पण काहीसे परत गडद झालेले. हा अभ्यास 2007चा.

2013मध्ये डागाच्या पेशींत जीएनएक्यू जनुकातला बदल सापडला. तो गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीत आपसूक घडतो, आईवडिलांकडून येत नाही. ग्रहण पाळलं नाही म्हणून डाग आला, असं आजही काही घरांत आईलाच ऐकवलं जातं. हा दोष तिचा नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिला आणि घरच्यांनाही स्पष्ट सांगायला हवं.