वाळलेला कोल्ड ब्लू पुन्हा वापरात आणताना

निवडणूक लागली की परवान्याची बंदूक बऱ्याच जणांना पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली ही वेळ दोनदा आली. लोकसभेला नांदेडचे मतदान २६ एप्रिलला आणि लातूरचे ७ मे रोजी झाले, मग २० नोव्हेंबरला विधानसभा. शेतराखणीची दुनळी बारा बोअर बंदूक अशी हातोहात फिरून घरी येते, तेव्हा नळीवर घामट बोटांचे ठसे आणि त्यावर गंजाचे ठिपके दिसतात. तिथला काळसर-निळा थर गेलेला असतो. खंडेनवमीच्या आधी आपण कपाट उघडून कोल्ड ब्लूची डबी काढतो, तर आतली मलई वाळून खडा झालेली.

डबी लगेच फेकू नका. कोल्ड ब्लू म्हणजे न तापवता, नुसते चोळून पोलाद काळे करणारे रसायन. त्यात मुख्यतः सेलेनियमचे आम्ल आणि मोरचूद असते. मोरचूद म्हणजे बोर्डो मिश्रणासाठी चुन्यात घालतो तेच. पोलादावर लावले की थोडे लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे व सेलेनियम यांचा काळा थर बसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, झाकण सैल राहिले तर, उडून जाते ते मुख्यतः पाणी. क्षार तळाशीच राहतात.

काम सुरू करण्यापूर्वी रबरी हातमोजे घाला आणि खिडकी उघडा. सेलेनियम विषारी आहे. ते अंगात भिनले तर श्वासाला लसणासारखा वास येतो. स्वयंपाकघरातली वाटी-चमचा यासाठी घेऊ नका.

आता आत नीट पाहा. निळे-हिरवे खडे किंवा तडकलेली निळसर मलई असेल तर आशा आहे. विटकरी लाल गाळ बसला असेल तर सेलेनियम सुटे होऊन खाली बसले, ती डबी गेली. हे बहुतेक वेळा आपल्याच हातून होते. लोखंडी तार बुडवून ढवळणे, नळीवर फिरवलेला बोळा पुन्हा डबीत घालणे, यामुळे लोखंड आत जाते आणि रसायन नळीऐवजी डबीतच खर्ची पडते.

पुढची पायरी पाण्याची, आणि मोठी चूक इथेच होते. आपल्याकडे अनेक घरांची भिस्त बोअरवेलवर. बोअरवेलच्या जड पाण्यातला चुना आम्ल मारतो आणि मोरचुदाचा साका करतो. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर (वाफ थंड करून मिळवलेले शुद्ध पाणी) घ्या. बाटलीवर नाव नीट वाचा, शेजारीच बॅटरीचे आम्लही विकायला असते.

मलईवर हे पाणी थेंबाथेंबाने टाका, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ढवळा. श्रीखंडाइतके दाट झाले की थांबा. पातळ रसायन सुकले असेल तर पूर्वी बाटली जिथवर भरलेली होती त्या खुणेच्या थोडे खालीच थांबा. खडे विरघळेनात तर बाटली कोमट पाण्यात धरा. गॅसवर ठेवू नका, वाफ विषारी असते. व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिडही घालू नका. त्या ॲसिडातल्या क्लोराइडमुळे नळी नंतर गंजते.

परीक्षा नळीवर नको, खिळ्यावर घ्या. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने पांढरा करा, ॲसिटोनने पुसा आणि रसायन लावा. अर्ध्या-एक मिनिटात काळा पडला तर काम झाले. फिकट करडा राहिला तर पाणी जास्त झाले. झाकण काढून, मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत नसेल अशा ठिकाणी दोन दिवस ठेवा. तांब्याचा लाल रंग चढला तर थर बिघडला, ती डबी नळीला लावू नका.

बंदूक रिकामी आहे याची दोन्ही नळ्यांत डोकावून, बोट घालून खात्री करा. गंजाचा ठिपका तेल लावलेल्या बारीक स्टील वूलने काढा. नळीवरच्या क्रमांकाजवळ मात्र घासू नका. क्रमांक पुसणे हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. मग ॲसिटोनने तेल काढा. बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथे डाग उठतो. रसायन लावा, मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसा, दोन-तीनदा करा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, भरपूर तेल लावून रात्रभर ठेवा. ही शेवटची पायरी टाळली की आम्ल राहते आणि आठवड्यात त्याच जागी गंज येतो.

नांदेडच्या काही घरांत, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात जुनी शस्त्रे आहेत. वाडवडिलांच्या तलवारीला किंवा तोड्याच्या बंदुकीला हे कधीही लावू नका. त्यांवरचा जुना काळेपणा हाच त्यांच्या जुनेपणाचा पुरावा असतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमवर तर नेहमीच्या कोल्ड ब्लूने रंग धरतच नाही.

हा थर कारखान्यातल्या गरम ब्लूइंगइतका टिकत नाही. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेपुरता तो ठीक. त्याहून मोठा भाग उघडा पडला असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या. आणि बिघडलेली डबी नालीत ओतू नका, बंद करून घातक कचऱ्यात द्या.