ट्रायल्स युनिसायकलचे पेडल : पकड हवी, सुटकाही हवी

प्रतिनिधी

एकचाकी सायकल म्हटली की सर्कशीचा तंबू, रंगीबेरंगी कपड्यांतील विदूषक आणि तोल सावरत घेतलेल्या गिरक्या एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. मात्र गेल्या तीन-चार दशकांत या एकचाकीने तंबू सोडून थेट डोंगर, खडक आणि ओंडके गाठले आहेत. अलास्कातील जॉर्ज पेक, कॅनडातील क्रिस होल्म यांच्यासारख्या स्वारांनी खडबडीत जमिनीवर युनिसायकल चालविण्याचा पायंडा पाडला आणि पुढे ‘ट्रायल्स’ हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आकाराला आला. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाच्या ‘युनिकॉन’ या जागतिक मेळाव्यात ट्रायल्सच्या स्पर्धा होतात. २०२२ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील बेमिजी येथे हा मेळावा भरला होता.

या खेळात लाकडी पॅलेट, केबल गुंडाळण्याची मोठी रिळे, दगड, ओंडके, अरुंद लोखंडी नळ्या अशा अडथळ्यांवरून हात किंवा पाय कोठेही न टेकविता पार व्हायचे असते. चाक फिरविण्यापेक्षा चाकासह उडी मारणे हेच येथील मुख्य कसब. चेन, गिअर, फ्रीव्हील यांपैकी काहीच नसल्याने स्वाराच्या हाताशी सीट आणि पायांखाली दोन पेडल्स, एवढेच काय ते उरते. साहजिकच, सायकलच्या दुकानात एरवी कोणी फारशी चौकशी न करणारा हा सुटा भाग येथे पडणे वा न पडणे ठरवितो.

नवशिका स्वार बहुधा ‘सर्वांत जास्त पकड असलेले’ पेडल मागतो. ही मागणी अर्धीच बरोबर आहे. उडी मारताना पाय धरून ठेवणे हे पेडलचे काम आहेच. पण तोल गेला की तो पाय क्षणार्धात मोकळा करणे हेही त्याचेच काम आहे. या दोन गरजांचा मेळ कसा घालायचा, हाच पेडल निवडण्यामागचा खरा प्रश्न होय.

पेडलवर भार किती?

ट्रायल्सची युनिसायकल २० इंची वर्गातील असते. तिची रिम १९ इंची आणि टायर सुमारे अडीच इंच रुंद असतो. क्रँकची लांबी सर्वसाधारणपणे १२५ ते १४० मिलिमीटर ठेवली जाते. उडी मारताना स्वार सीटवर बसत नाही. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवून तो पेडल्सवर उभा राहतो आणि एका हाताने सीट वर खेचतो. म्हणजेच खाली उतरताना त्याचा जवळजवळ सर्व भार दोन पेडल्सवर येतो.

साधे गणित मांडून पाहता येईल. ७० किलो वजनाचा स्वार एक मीटर उंचीवरून खाली आला आणि गुडघे वाकवून, टायर दबून, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर तेवढ्या वेळात त्याच्या पायांखाली सरासरी ३०० किलोंइतका भार येतो. प्रत्येक पेडलच्या वाट्याला १५० किलो. स्वार जितका ताठ पायांनी उतरेल, तितका हा आकडा वाढत जातो. शिवाय पायाचा मध्य क्रँकपासून पाच-सहा सेंटिमीटर दूर असल्याने हा भार पेडलच्या एक्सलला सतत वाकवू पाहतो.

याच क्षणी पाय निसटला तर काय होते? फ्रीव्हील नसल्याने क्रँक आणि चाक एकत्रच फिरतात. एक पाय सुटला की दुसऱ्या पायाच्या भाराने क्रँक झटक्यात खाली जाते आणि मोकळे झालेले पेडल वर येऊन नडगीवर किंवा पोटरीवर आदळते. ट्रायल्स खेळणाऱ्यांच्या नडग्यांवरील व्रण हे बव्हंशी या एकाच कारणाने आलेले असतात.

प्लास्टिक की धातू?

बाजारात मिळणारी बहुतेक योग्य पेडल्स मुळात बीएमएक्स किंवा माउंटन बाइकसाठी बनविलेली सपाट पेडल्स असतात. बूट अडकविण्याची सोय असलेली किंवा पट्ट्याची पेडल्स येथे कामाची नाहीत, कारण त्यांतून पाय पटकन सुटत नाही. पत्र्याच्या पिंजऱ्याची स्वस्त पेडल्सही दोन-चार जोरदार उड्यांत वाकतात. उरतात ते दोन पर्याय : प्लास्टिक आणि धातू.

चांगले प्लास्टिकचे पेडल काचतंतू मिसळलेल्या नायलॉनसारख्या कणखर पदार्थाचे असते. पकडीसाठी त्यावर ओतीव उंचवटे असतात. कोरड्या हवेत, सपाट तळाच्या रबरी बुटाबरोबर ते बऱ्यापैकी धरून ठेवते. पाय निसटलाच तर खरचटते, क्वचित काळे-निळे पडते. मात्र कातडी फाटण्याचे प्रसंग कमी येतात. किंमतही कमी. त्याच्या उणिवा दोन. चिखल-पाण्यात पकड ढासळते आणि उंचवटे झिजले की ते पुन्हा बसविता येत नाहीत, पूर्ण पेडल बदलावे लागते.

धातूच्या पेडलमध्ये ॲल्युमिनियम हा सर्वांत रुळलेला पर्याय. मॅग्नेशियमचे पेडल हलके असते, पण ते महाग पडते. धातूच्या पेडलवर बारीक पोलादी पिना बसविलेल्या असतात आणि त्या बुटाच्या तळव्यात रुततात. पाऊस असो वा चिखल, पाय जागचा हलत नाही.

वजनाचा मुद्दा अनेकदा गरजेपेक्षा मोठा केला जातो. प्लास्टिकच्या पेडल्सची जोडी साधारणपणे ३५० ते ४०० ग्रॅमची असते, तर ॲल्युमिनियमची काही मॉडेल्स ५०० ग्रॅमपर्यंत जातात. पूर्ण युनिसायकलचे वजन पाच-सहा किलो असते. म्हणजे १०० ग्रॅमची बचत दोन टक्क्यांच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी कमकुवत एक्सल पत्करणे शहाणपणाचे नाही.

‘पेडल ग्रॅब’चा निकष

प्लास्टिक की धातू, याचा निर्णय अखेर स्वार कोणती तंत्रे वापरतो यावर ठरतो. उंच अडथळ्यावर एका उडीत चाक पोहोचत नसेल, तर स्वार आधी एक पेडल अडथळ्याच्या कडेवर टेकवितो, क्षणभर तेथे तोलून राहतो आणि तेथून दुसरी उडी घेऊन चाक वर आणतो. यास ‘पेडल ग्रॅब’ म्हणतात. या अवस्थेत संपूर्ण शरीराचा भार एकाच पेडलवर आणि त्याच्या खालच्या बाजूवर असतो. धातूच्या पिना लाकडात रुतून पेडल जागी धरतात. प्लास्टिकचे गुळगुळीत अंग मात्र लोखंडी नळीवर किंवा दगडी कडेवर सरकण्याची भीती असते.

गंमत अशी की, ‘स्ट्रीट’ या दुसऱ्या प्रकारात स्वार कठड्यावरून पेडल घासत जातात. तेथे प्लास्टिकचे हेच सरकणे वरदान ठरते. एकच गुण एका खेळात दोष आणि दुसऱ्यात सद्गुण ठरत असल्याने ‘सर्वोत्तम पेडल’ असा शिक्का कोणत्याही एका मॉडेलवर मारता येत नाही.

पिना : किती आणि कशा?

धातूचे पेडल घेतले तरी त्याची पकड कमी-जास्त करता येते. हाच त्याचा मोठा फायदा. पिना आट्यांच्या असतील तर त्या काढता, बदलता आणि कमी खोल वा अधिक खोल बसविता येतात. सुरुवातीला मधल्या पिना काढून फक्त कडेच्या ठेवणे हा सोपा मार्ग आहे. पकड फार तीव्र असेल तर दुसरीच अडचण उभी राहते. उडीनंतर पाय थोडा वाकडा पडला, तर त्याला जागेवर सरकवून नीट करता येत नाही. पाय उचलावा, तर तोल जातो. अनुभवी स्वारही त्यामुळे पिनांची संख्या मोजूनमापून ठेवतात.

पिना मागच्या बाजूने बसविलेल्या असतील तर अधिक चांगले. वरून बसविलेल्या पिनेचे तोंड दगडावर आपटून चेपते आणि मग ती किल्लीने निघता निघत नाही. मागून बसविलेल्या पिनेचे तोंड बरेचसे सुरक्षित राहते.

पेडलचा आकारही पाहावा. सुमारे १०० मिलिमीटर लांब-रुंद पृष्ठभाग बहुतेक बुटांना पुरतो. मध्यभागी किंचित खोलगट पेडल पायाला सामावून घेते. फार जाड पेडलवर पाय एक्सलपासून उंच राहतो आणि पेडल कलंडण्याकडे झुकते. फार पातळ पेडलमध्ये मात्र बेअरिंगला पुरेशी जागा उरत नाही.

एक्सल आणि बेअरिंग

वरचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो, एक्सल दिसत नाही. तरीही टिकाऊपणा ठरतो तो एक्सलवरच. क्रोमोली, अर्थात क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाचा एक्सल ट्रायल्ससाठी किमान अट मानावी. साध्या पोलादाचा एक्सल हळूहळू वाकतो. पेडल फिरविले असता त्याचे टोक डोलताना दिसले, तर एक्सल वाकला आहे असे समजावे. असे पेडल तुटण्याची वाट न पाहता ते बदलावे. टायटॅनियमचे एक्सल वजन वाचवितात. मात्र अनेक उत्पादक त्यांवर स्वाराच्या वजनाची मर्यादा घालतात, ती वाचल्याखेरीज खरेदी करू नये.

बेअरिंगमध्ये सुटे छर्रे, बंद बेअरिंग आणि बुश असे प्रकार येतात. छर्ऱ्यांचे पेडल स्वस्त असते आणि उघडून, ग्रीस भरून पुन्हा कसता येते. बंद बेअरिंगला देखभाल कमी लागते. ट्रायल्समध्ये पेडलने भिंगरीसारखे फिरावे अशी गरजच नसते. उलट, थोडे जड फिरणारे पेडल पाय उचलला तरी आहे त्याच स्थितीत राहते, हे सोयीचेच.

उलटे आटे आणि राइट बंधू

सर्वाधिक नुकसान होते ते मात्र आट्यांच्या चुकीने. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. त्यामागे कारण आहे. क्रँक फिरते तशी पायाच्या भाराची दिशा एक्सलभोवती फिरत जाते. आट्यांमधील सूक्ष्म पोकळीमुळे एक्सल क्रँकमध्ये किंचित उलट दिशेने घरंगळतो आणि सैल होऊ पाहतो. डाव्या बाजूला उलटे आटे दिल्याने हीच हालचाल पेडल कसण्याच्या बाजूने काम करते. विमानाचे जनक राइट बंधू ओहायोतील डेटन येथे सायकली बनवीत, तेव्हा १९०० मध्ये त्यांनीही ‘न निसटणाऱ्या’ पेडल्सची जाहिरात केली होती. त्यांच्या डाव्या पेडलला उलटे आटे होते.

दुचाकीत पुढची बाजू चुकण्याचा प्रश्न येत नाही. युनिसायकलचे चाक आणि फ्रेम मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात. चाक उलटे बसले तर डावे पेडल उजवीकडे जाते, चालविता चालविता सैल होते आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे खाऊन टाकते. मग पेडलपेक्षा महाग असलेली क्रँकच बदलावी लागते. म्हणून पेडलवरील ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरे पाहून, ‘आर’ उजव्या पायाखाली येईल अशीच जोडणी करावी. ट्रायल्समध्ये चाक फार वेळ सलग फिरत नसल्याने आटे आपोआप कसले जातील यावर विसंबून राहू नये. पाना वापरून पेडल घट्ट कसावे.

कोणी काय घ्यावे?

जागेवर उडी मारणे आणि एक-दोन पॅलेट चढणे शिकत असलेल्या स्वाराने क्रोमोली एक्सलचे प्लास्टिक पेडल घ्यावे. या काळात पडणे अधिक आणि उड्या लहान असतात. पेडल ग्रॅब जमू लागल्यावर, किंवा ओल्या खडकांवर सराव सुरू झाल्यावर, बदलता येणाऱ्या पिनांच्या ॲल्युमिनियम पेडलकडे वळावे. दोन्ही प्रकारांत नडगीरक्षक आणि सपाट तळाचे, थोडे ताठ बूट अनिवार्य आहेत. बुटाच्या नाड्या आत खोचाव्यात, अन्यथा त्या पेडलभोवती गुंडाळल्या जाण्याचा धोका असतो.

पेडल बदलल्याने उडीची उंची एकाएकी वाढत नाही. मात्र पायावर विश्वास ठेवता आला की स्वार पूर्ण ताकदीने उडी घेतो आणि चुकली तर सुखरूप खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी सरावाला येण्याजोग्या नडग्या शाबूत राहणे, हीच चांगल्या पेडलची खरी कसोटी.

चौकट : खरेदीपूर्वी हे पाहा

• क्रँकच्या छिद्राचे माप : तीन भागांच्या क्रँकला ९/१६ इंची आटे, एकसंध क्रँकला अर्धा इंची.
• एक्सल क्रोमोलीचा आहे का?
• पिना बदलता येतात का, त्या मागून बसविलेल्या आहेत का?
• पेडल हाताने फिरवून पाहा. टोक डोलत असेल तर घेऊ नका.
• बसविताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले काही फेरे हातानेच फिरवा. डावे पेडल कसताना पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा असतो.
• पहिल्या दोन-तीन सरावांनंतर पेडल्स पुन्हा एकदा कसून घ्या.