रसेलची लेखणी आणि विष्णुभटांची वही

नागपूरच्या महाल भागात राहून इतिहास वाचणाऱ्याला १८५४ हे साल विसरता येत नाही. तिसरे रघुजी भोसले आदल्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले, हत्ती-घोडे विकले गेले. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल क्रिमियाच्या रणभूमीवर होता. इंग्रज सैनिकांची उपासमार, थंडी, दवाखान्यांची दैना त्याने निर्भीडपणे कळवली. १८५५च्या जानेवारीत अ‍ॅबर्डीनचे सरकार पडले, त्यात या पत्रांचा वाटा मोठा. युद्धवार्ताहर हा पेशा त्याच्यापासून रुजला असे मानतात. आमच्या राजवाड्याच्या दाराशी असा कुणी उभा नव्हता, ही रुखरुख घेऊनच मी रसेल वाचायला घेतला. कुठलीही पदवी पाठीशी नसताना, नोकरी सांभाळून वाचला.

१८५८च्या आरंभी तो हिंदुस्थानात आला आणि मार्चमध्ये कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर लखनौत शिरला. कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. एक शिपाई शंभर रुपयांत जवाहीर द्यायला तयार होता, पण रसेलच्या खिशात रोकड नव्हती. हा प्रसंग त्याने स्वतःच, काहीशा हळहळीने, सांगितला आहे. मात्र सरसकट फाशा आणि सूडाची भाषा यांचा त्याने स्पष्ट निषेध केला. त्याची पत्रे आगबोटीने काही आठवड्यांत लंडनला पोचत, आणि सूडासाठी आसुसलेल्या वाचकांना ती थबकायला लावत.

तरी तो राहत होता जेत्यांच्या छावणीत. शहर त्याला तोफांच्या मागून दिसले. घरात दडलेल्यांना काय दिसले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार त्याच सुमारास झाशीत होता: पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची गरिबी आणि कर्ज यांमुळे दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेत गेले होते. एप्रिलच्या आरंभी ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली, तेव्हा ते गावातच होते. कत्तल त्यांनी पाहिली आणि लूट स्वतः सोसली. लखनौत रसेलपुढे लूट विकायला आली. झाशीत ती विष्णुभटांच्या गाठीची गेली.

फरक आणखी एक. विष्णुभटांनी आठवणी लिहिल्या त्या घरी परतल्यावर, कित्येक वर्षांनी. चिंतामण विनायक वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला १९०७ साली, तोही फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६मध्ये आणली. ‘सर’ झालेला रसेल १९०७च्याच फेब्रुवारीत वारला. त्याची रोजनिशी १८६०पासूनच पुस्तकरूपात होती.

विष्णुभटांच्या आठवणींत ऐकीव गोष्टी आहेत, तारखांचा घोळही आहे. रसेल अधिक काटेकोर. म्हणून कुणी केवळ रसेलवर विसंबेल, तर लखनौची भिंत कशी फुटली ते त्याला कळेल. भिंतीआडची माणसे कळणार नाहीत. केवळ विष्णुभट वाचले, तर इंग्रजांतही सूडाविरुद्ध बोलणारा कुणी होता, हे निसटेल.

या दोघांना शेजारी ठेवून वाचू लागल्यापासून माझी रुखरुख बदलली. नागपुरात रसेल नव्हता, याचे आता तितकेसे वाटत नाही. आमच्या एखाद्या विष्णुभटाची वही मात्र जुन्या वाड्याच्या माळ्यावर अजून पडून असेल, आणि वाडे तर रोज पाडले जात आहेत.