समुद्रातली वीण बिघडली की आजऱ्यात तारली महागते

आजरा घाटमाथ्यावरचे गाव, समुद्र खाली कोकणात. तरी आंबोली घाट चढून येणारी मासळी इथल्या ताटात असतेच, आणि मे महिन्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुक्या मासळीला गिऱ्हाईक वाढते. तारलीचा भाव एकाएकी चढला की आपण दलालाला नाहीतर गाडीभाड्याला बोल लावतो. पुष्कळदा खरे कारण मागच्याच पावसाळ्यात समुद्रात घडून गेलेले असते.

तारली मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात अंडी घालते. त्या दिवसांत वाऱ्याच्या जोराने किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते, तळाचे गार आणि कसदार पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म शेवाळ माजते. तोच तारलीचा चारा. अंडी तरंगत राहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लांना वेळेवर अन्न मिळाले नाही तर सारी वीण वाया जाते. समुद्र तापला की नेमके हेच होते.

तारली राज्याची हद्द ओळखत नाही, म्हणून केरळचे आकडे आपणही पाहावेत. तिथे 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली. 2021 साली उतरली फक्त 3,297 टन! आधी बेसुमार मासेमारी, त्यात 2015 च्या एल निनोने तापलेले पाणी.

जेलीफिशचा त्रास वेगळाच. तो अंडी आणि पिल्ले खातो, शिवाय लहान माशांचा चाराही पळवतो. जाळ्यात भरला तर ओझ्याने जाळी फाटतात, हात चुरचुरतात, मासळी खराब होते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. आफ्रिकेतल्या नामिबियात तारलीच्या जातीचा मासा उपसून संपवला आणि मोकळ्या जागेत जेलीफिश माजला. 2003 च्या पाहणीत तिथे जेलीफिश सुमारे 1.22 कोटी टन, तर मासे 36 लाख टन निघाले.

तेव्हा व्यापारी बांधवांनी स्वस्त मिळते म्हणून बोटभर तारली उचलू नये. ती अजून एकदाही व्यालेली नसते. महाराष्ट्र सरकारने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ती यादी दुकानात असू द्यावी. आणि सुक्या मालासाठी उचल देण्याआधी मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला एवढे जरूर विचारावे: पावसाळा सरल्यावर जाळ्यात तारली किती आली, आणि जेलीफिश किती?